कॅप्टन बाहेर गेलेत

त्या घरात कुणी मरत नाही. तिथला तो पहिला नियमच आहे.

घर म्हणजे नदीच्या वळणावरचं कॅप्टन बार्टल यांचं घर. लाकडी, उंच खांबांवर उभं, वर पत्र्याचं छप्पर आणि चहूबाजूंनी व्हरांडा. दर रविवारी आम्ही गावातली काही माणसं ते लोकांना दाखवतो. प्रत्येकाची खोली ठरलेली आहे. एर्नी दिवाणखाना दाखवतो, कारण त्याचं ऐकून घेणारी माणसं त्याला फक्त तिथेच भेटतात. स्वयंपाकघर माझं. मागचा व्हरांडा आयरिसचा. पाहुणे एकाने दुसऱ्याच्या हवाली करायचे आणि बोलायचं असं, की घरची माणसं आत्ताच उठून गेली आहेत. कॅप्टन या आरशात दाढी करतात. बाईंना या खिडकीतलं ऊन सोसत नाही. कुणी विचारलंच, "मग आता कुठे आहेत ते?" तर उत्तर ठरलेलं: "बाहेर गेलेत. येतीलच एवढ्यात." पाहुणे हसतात, आम्हीही हसतो. कॅप्टनना बाहेर जाऊन शंभराच्या वर वर्षं झाली असतील, पण ते वारले असं त्या घरात मी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

दुसरा नियम वस्तूंचा. खरं सांगायचं तर त्या घरात कॅप्टनचं म्हणावं असं फक्त घरच आहे. त्यांच्या नातवाने चमच्यापर्यंत सगळं लिलावात काढलं आणि घर पाडून तिथे पेट्रोल पंप टाकायला ब्रिस्बेनचा एक जण टपून बसला. एरवी आमच्या एल्डनबरोमध्ये दोघांचं एका गोष्टीवर जमेल तर शपथ, पण तेव्हा सगळं गाव पायऱ्यांवर ठाण मांडून बसलं आणि घर वाचलं. वाचलं खरं, पण आत बोललं की आवाज घुमायचा. मग गावानेच ते भरलं. औषधांच्या दुकानवाल्यांनी पलंग दिला, बेकरीवाल्या म्हातारीने आरसा दिला. मी पाळणा दिला. त्याच पाळण्यात मी आणि माझ्या भावांनी पाळीपाळीने गल्ली डोक्यावर घेतली होती.

पद्धत अशी, की देणाऱ्याने वस्तू समोरच्या पायऱ्यांवरून स्वतः उचलून आणायची. उंबऱ्यात एर्नी आडवा उभा असतो. "कोणाचं हे?" तो विचारतो. "कॅप्टनचं," असं म्हणायचं आणि आत यायचं. त्यानंतर तिच्यावर हक्क सांगायचा नाही. नातवंडांना दाखवायची तरी डोळा मिचकावून. माझ्या पाळण्यात आता कॅप्टनची जुळी झोपतात. कॅप्टनना जुळी होती का, देव जाणे.

आयरिस मॅडॉकने आरामखुर्ची दिली. वेताची, लांब हातांची, पुरुषमाणसं ज्या हातांवर पाय पसरून घोरतात तसली. तिच्या नवऱ्याची, क्लेमची. क्लेम नदीवरच्या फेरीबोटीवर होता. पूल झाला आणि बोट बंद पडली, तरी रोज संध्याकाळी तो आपल्या घराच्या मागच्या व्हरांड्यात त्या खुर्चीत आडवा व्हायचा तो जेवायला हाक मारेपर्यंत. काय करतोस विचारलं तर म्हणायचा, "नदी बघतोय." आयरिसला त्याचा भारी राग.

"त्याचं लग्न नदीशीच झालंय गं एनिड," ती मला म्हणायची. "मी आपली भांडी घासायला ठेवलेली."

मग क्लेम गेला. मागोमाग महापूर आला आणि सखल भागातलं त्यांचं घरही घेऊन गेला. खुर्ची तेवढी शेजारच्या आंब्याच्या फांद्यांत पाय वर करून अडकून राहिली. आयरिसला म्हाताऱ्यांच्या वसाहतीत दीड खोली मिळाली. तिथे व्हरांडा नाही, नदी नाही, आणि खुर्ची आत घ्यायची तर आयरिसने बाहेर झोपायचं, अशी जागा. म्हणून ती खुर्ची घेऊन कॅप्टनच्या पायऱ्या चढली. एक बाजू मी धरली होती.

"कोणाचं हे?" एर्नीने विचारलं.

आयरिस खुर्चीकडेच बघत राहिली. माझे हात भरून आले. शेवटी "कॅप्टनचं" म्हणाली, आणि मागच्या व्हरांड्यात जाऊन तिने खुर्ची मांडली ती घरी होती तश्शी. पाठ कोपऱ्यातल्या भिंतीला, एक हात कठड्यालगत, तोंड जरासं तिरकं. मी म्हटलं, सरळ ठेव की, छान दिसेल. तर म्हणाली, "तो अशीच ठेवायचा."

तेव्हापासून ती रविवारी माझ्या स्वयंपाकघराच्या मागच्या दारात उभी असते. चौकटीला खांदा लावून, तोंड व्हरांड्याकडे. आपल्या घरीही ती अशीच उभी राहायची, स्वयंपाकघराच्या दारात, हाताला पीठ आणि तोंडाचा पट्टा चालू. चौकटीवरचा तिथला रंग आता तिच्या खांद्याने उडाला आहे.

"ही कॅप्टनची जागा," ती पाहुण्यांना सांगते. "एकाच पायात सपात असते, दुसरी कायम हरवलेली. चहा आणून दिला की गार होईपर्यंत हात लावत नाहीत, आणि मग गार झाला म्हणून कुरकुर. आज नदीचं काही खरं नाही, असं रोज सांगतात. सारखं नदीकडे लक्ष. घर जळालं तरी कळायचं नाही."

पाहुणे खुर्चीपुढे बांधलेल्या दोरीपाशी उभे राहून कठड्यावरून नदीकडे बघतात. नदी रुंद, चहाच्या रंगाची, कुठे जायची घाई नसलेली. बायका म्हणतात, "किती छान माणूस असेल!" कॅप्टन खरे कसे होते ते कुणालाच माहीत नाही. पण त्या खुर्चीतला माणूस मला नखशिखांत माहीत होता, आणि तो छान होताच.

मला तिथली आवडते ती दुपार कललेली वेळ. पाहुणे पांगलेले असतात. नदीवरचं ऊन उलटं वर येतं आणि व्हरांड्याच्या छतावर पाण्याच्या रेघा हलायला लागतात. खाली बघावं तर जमीन कोरडी, वर बघावं तर पाणी. घर त्या वेळी जागंही नसतं आणि झोपलेलंही नसतं. चाफ्याचा वास दाराशी येऊन थबकतो. समुद्राकडून वारा नदीच्या अंगाने वर चढत येतो, तापलेला पत्रा निवायला लागतो, एकेक खोली अंग मोडते, आणि मग ती खुर्ची कुरकुरते. कुणीतरी कूस बदलावी तशी.

"हो हो, आले," आयरिस म्हणते आणि तिचं तिलाच कळत नाही.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. चर्चमध्येसुद्धा मी नंतरच्या केकसाठी जाते. पण त्या वेळी मी कपबशा वाजवत नाही. एकदा तर मी तीन कप मांडले होते, आणि त्यातला एक मुकाट्याने परत फडताळात ठेवला.

क्लेम वारला हे आयरिसच्या तोंडून मी कधीच ऐकलं नव्हतं. अंत्यविधीला ती दातखीळ बसल्यासारखी गप्प होती. मग लगेच पूर आला. मग खुर्ची त्या घरात गेली आणि क्लेम कॅप्टन झाला. आणि कॅप्टन तर बाहेर गेलेले असतात.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना घर सांभाळणाऱ्या आमच्या मंडळाने टेसा नावाची एक मुलगी व्यवस्थापक म्हणून नेमली. मी तिच्यावर रागवायची तयारी करूनच गेले होते. पण पहिल्याच दिवशी ती डोक्याला फडकं बांधून माळ्यावरची वटवाघळांची घाण उपसत होती. अशा पोरीवर रागवायचं कसं? पुढच्या महिन्यात तिने कुठूनसा एक जुना फोटो मिळवला. कॅप्टनच्या मागच्या व्हरांड्याचा. त्यात एक बाकडं होतं आणि एक बकरी. खुर्ची नव्हती.

"मग बकरी आणू या," एर्नी म्हणाला.

टेसा हसली, पण मुद्द्यावरून हलली नाही. सगळ्यांना बोलावून, चहा आणि गरम स्कोन-पाव पुढे ठेवून तिने सांगितलं, "तुम्ही हे घर जगवलंत, मला माहितीये. पण लोक लांबून येतात आणि आपण त्यांना खरं नसलेलं सांगतो. ज्या वस्तूंचा या घराशी संबंध नाही, त्या ज्याच्या त्याला परत देऊ या. आदराने, गाडी करून, घरपोच."

आयरिसच्या हातात अर्धा स्कोन तसाच राहिला.

"मी ती कुठे ठेवू?" ती म्हणाली. एवढंच.

माझं टाळकं सटकलं. "हे बघ पोरी," मी म्हटलं, "संबंध नाही म्हणजे काय? हे घर मोकळं होतं तेव्हा तुझे कॅप्टन आले होते का भरायला? गावाने आपल्या अंगाखालचे पलंग काढून दिलेत इथे. खोटं म्हणे! तुला एवढा खऱ्याचा पुळका आहे ना, मग खरं लिही की! लाव पाटी. पाळणा माझा आणि माझ्या भावांचा, खुर्ची क्लेम मॅडॉकची. ज्याची आहे त्याचं नाव, आणि वस्तू जिथे आहे तिथे!"

मला वाटलं, आता वादाला तोंड फुटणार. मी बाह्या सरसावल्याच होत्या. पण टेसाचे डोळे चमकले.

"तुम्ही सगळे असं करू द्याल?" ती म्हणाली. "नावं लावू द्याल? मला वाटलं, तुम्हाला ते चालणारच नाही. एनिड, यासारखं दुसरं काही नाही! गावाने भरलेलं घर म्हणूनच दाखवू या. सगळं आहे तिथेच राहील."

टाळ्या झाल्या. बेकरीवाल्यांची सून चक्क रडली. एर्नीने त्या आनंदात दोन लॅमिंग्टन केक उचलले. मला तर लढाई जिंकल्यासारखं वाटत होतं. पायऱ्या उतरताना मी आयरिसचा दंड धरून म्हटलं, "बघ! वाचवलं की नाही तुझ्या क्लेमला?"

आयरिस मधल्या पायरीवर थांबली.

"आणि कुणी विचारलं तर?" ती म्हणाली. "आता कुठे आहे तो, असं?"

तिने माझा हात दंडावरून सोडवला.

"कॅप्टन बाहेर जाऊ शकतात, एनिड. क्लेम मॅडॉक कुठे जाणार?"

करायला गेले एक आणि झालं भलतंच. खुर्ची वाचवायच्या भरात मी खुर्चीतल्या माणसालाच उठवलं होतं. मी म्हटलं, मी आत्ता जाते आणि टेसाला सांगते, तुझी एक पाटी नको लावू म्हणून.

"नको," आयरिस म्हणाली. "बाकीच्यांचं चांगलं झालंय त्यात. ती बेकरीवाल्यांची सून बघितलीस ना? नको. बघू." आणि कठड्याला धरून ती हळूहळू उतरली. त्या दिवशी ती मला पहिल्यांदा म्हातारी दिसली.

रविवारी पाट्या लागल्या. पाळण्यावर माझं आणि भावांचं नाव होतं, आणि पाहुणे ते वाचून माझ्याकडे बघून हसत होते. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. एर्नी तर आरशाची गोष्ट सांगता सांगता बेकरीची जाहिरातच करत होता. सगळ्या घराला आपली नावं परत मिळाली होती. फक्त माझ्या मागच्या दाराशी आयरिस भरभर बोलत होती. "ही क्लेम मॅडॉक यांची खुर्ची, फेरीबोटीवर होते, वेत इथलाच, विणकाम बघा, आता इकडून पुढे चला, पायरी सांभाळा." सपात नाही, चहा नाही, नदीचा राग नाही. कुणाला श्वास घ्यायला, म्हणजेच प्रश्न विचारायला, ती जागाच ठेवत नव्हती. मी आत पीठ चाळायचं नाटक करत होते आणि मनात म्हणत होते, लवकर संपू दे हा दिवस.

दुपार कलली. छतावर पाण्याच्या रेघा हलायला लागल्या. शेवटच्या घोळक्यात गवती हॅटवाली एक बाई होती. प्रत्येक खोलीत तिला काहीतरी विचारायचं असायचंच. माझ्याकडे तिने जॅमची कृती विचारली होती. चांगली होती बाई, पण हिला मागच्या दाराशीही प्रश्न सुचणार, हे मी तेव्हाच ओळखलं.

"किती शांत आहे इथे," ती दोरीपाशी उभी राहून म्हणाली. "मग आता कुठे असतात हे क्लेम?"

माझे हात पिठात थांबले. सांग, मी मनात म्हटलं. सांगून टाक, बाहेर गेलाय. कोण विचारतंय तुला खरं-खोटं? मीच आतून ओरडणार होते, "बाहेर गेलेत, येतीलच!" शब्द जिभेवर आले होते.

नदीकडून वारा आला आणि खुर्ची कुरकुरली. आयरिसने तिच्याकडे बघितलं. या वेळी ती "हो हो, आले" म्हणाली नाही.

"वारला तो," ती म्हणाली. "माझा नवरा होता. वारला. खूप वर्षं झाली."

हॅटवालीने तिच्या दंडावर हात ठेवला, क्षणभरच, आणि सगळे पुढे सरकले. त्यांची पावलं दिवाणखान्यापर्यंत ऐकू आली, मग एर्नीचा आवाज ऐकू आला. पत्रा निवत होता. मला वाटलं, आयरिस आता कोसळेल. मी हात झटकून दाराकडे गेले, तर ती दोरीचा आकडा काढत होती.

"काय करतेस?"

"बसते."

"अगं, टेसा बघेल!"

"बघू दे. यायचा असता तर मी बसले नसते," आयरिस म्हणाली. "त्याची खुर्ची होती ती."

त्या खुर्चीत तिला मी कधीच बसलेली पाहिली नव्हती. इथे दोरी होती, आणि घरी तिला बसायला वेळ होता कुठे? ती हात टेकत टेकत खाली झाली, मागे रेलली, मग एकेक करून दोन्ही पाय खुर्चीच्या लांब हातांवर ठेवले, अगदी त्याच्यासारखे. वेत करकरला आणि गप्प झाला. मी दारात थांबले, नकळत चौकटीला खांदा लावून, रंग उडालेल्या जागी.

पाण्याच्या रेघा तिच्या कपाळावरून फिरत होत्या. मला वाटलं, डोळा लागला.

"एनिड," ती म्हणाली, "नदी दिसत नाही गं."

"म्हणजे?"

"इथून. हा कठडा आड येतो. पाणी नाही, पलीकडचा काठ नाही. काहीच नाही दिसत."

दोरीपाशी उभं राहून नदी बघणारे इतके पाहुणे मी पाहिले होते, पण बसून कुणीच बघितलं नव्हतं. दोरीच्या आत जायचंच नाही म्हटल्यावर कोण बघणार? "घरी दिसत असेल," मी म्हटलं.

"घरी हाच कठडा होता. असाच फळ्यांचा, एवढाच उंच. त्यानेच ठोकला होता."

"उठून बसत असेल मग."

"क्लेम? उठून?" ती हसली, पण ते हसू मधेच अडलं.

"मग दिसतं काय तिथून?" मी विचारलं.

आयरिसला मान वळवावी लागली नाही. खुर्ची तिरकी होती, घरी होती तश्शी. ती जशी पडली होती तशीच, सरळ माझ्याकडे बघत राहिली. आधी मला कळलंच नाही. मला वाटलं, माझ्या नाकाला पीठ लागलंय.

"दार," ती म्हणाली. "स्वयंपाकघराचं दार. आणि दारात जी उभी असेल ती."

माझा हात चौकटीवरच्या उडालेल्या रंगावर गेला.

"सगळा जन्म मला सांगत राहिला, नदी बघतोय," आयरिस म्हणाली. "खोटारडा कुठला." आणि मग ती रडली. अंत्यविधीला रडली नव्हती, पुरात रडली नव्हती, ते सगळं आता रडली, पाय तसेच वर पसरून, डोळे न पुसता, दाराकडे बघत. इतकं सुख आणि इतकं दुःख एका चेहऱ्यावर मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

समोर एर्नी कड्या लावत असल्याचे आवाज येत होते. मला चहा टाकायचा होता, तिच्याजवळ जाऊन बसायचं होतं, पण मी जागची हलले नाही. मी चौकटीला खांदा लावून तशीच उभी राहिले आणि हाताला पीठ असताना बायका दारातून जे बोलतात ते बोलत राहिले. एर्नीने लॅमिंग्टन किती खाल्ले ते, पपईला यंदा कीड कशी लागतेय ते, असलंच काहीबाही. ऊन कठड्यावरून खाली उतरेपर्यंत. कुणीतरी तिथे उभं असायला हवं होतं.